गॅरेजचं दार आणि त्याचा सेन्सर: घरच्या घरी तपासणी कशी करायची

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणलं होतं. रसबाळी केळ्यांचा घड गॅरेजच्या उंबऱ्यावर ठेवून मी बाकीच्या पिशव्या आत नेत होते, तेवढ्यात घरातून कुणीतरी सवयीने बटण दाबलं. दार खाली आलं, घडावर टेकलं आणि थांबायचं सोडून चेपत राहिलं. तीन फण्यांचा लगदा झाला, मग कुठे कुरकुरत वर गेलं.

दाराला सेन्सर होता. निदान आमची तशी समजूत होती. टॉर्च घेऊन पाहिलं तर चौकटीच्या दोन्ही बाजूंना नुसतेच ब्रॅकेट. सेन्सरचे दोन्ही डोळे एकमेकांकडे तोंड करून, काळ्या टेपने गुंडाळून, मोटरच्या मागे छताला लोंबत होते. जुलैत पावसात दार बंद होईना म्हणून एक मेकॅनिक येऊन गेला होता. जाताना म्हणाला, "वयनी, आता बिनधास्त वापरा, परत अडायचं नाही." अडणार कसं? दोन डोळे रात्रंदिवस एकमेकांनाच बघत बसलेले, मध्ये कोण येणार? दोन महिने आमचं दार आंधळं होतं, आणि गंमत म्हणजे त्या दोन महिन्यांत ते आधीपेक्षा सुरळीत चाललं.

तेव्हापासून मी हे काम स्वतः शिकले. अवघड काहीच नाही, महिन्यातून पंधरा मिनिटं लागतात. नवीन घर बांधलेले, आखातातून परत येऊन गॅरेजला मोटर बसवलेले, किंवा मोटरवालं घर विकत घेतलेले असे बरेच जण माझ्यासारखेच "दार बंद होतंय ना, मग ठीक आहे" म्हणून बसलेले असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी तुमचं दार कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

आपल्याकडे साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, आडव्या पट्ट्यांचं, म्हणजे पॅनेलचं दार. ते रुळावरून वर सरकतं आणि छताखाली आडवं होतं. मोटर छताला टांगलेली असते आणि तिला एक लाल दोरी लोंबते. आमचं हे असलं.

दुसरा, दुकानाला असतं तसं गुंडाळणारं लोखंडी शटर, त्याला बाजूला मोटर. पुष्कळ घरांना हेच असतं, कारण आधी हाताने ओढायचं शटर होतं आणि नंतर त्यालाच मोटर जोडली. अशा जोडकामात सेन्सर बसवलेलाच नसतो, हे मी ओळखीच्या तीन घरांत पाहिलं. रिमोट मिळाला, माणूस खूश, पुढे कुणी विचारत नाही.

तिसरा, चिऱ्यांच्या कुंपणाला लावलेलं सरकतं किंवा दोन फाळ्यांचं गेट. ते गॅरेजचं दार नव्हे, पण सेन्सर तसाच असतो. त्याला मेकॅनिक लोक फोटोसेल म्हणतात.

दाराच्या दोन्ही अंगांना, जमिनीजवळ, काडेपेटीपेक्षा थोडे मोठे दोन डबे समोरासमोर दिसले तर सेन्सर आहे. एका बाजूला डबा आणि समोर सायकलच्या मागे असतो तसा चमकणारा रिफ्लेक्टर असेल, तरीही आहे. दोन्हीपैकी काहीच नसेल तर पुढच्या पायऱ्यांच्या आधी तो बसवून घ्या, आणि तोवर दार आपोआप बंद व्हायची सोय, म्हणजे ऑटो क्लोज, बंद ठेवा. दार नजरेसमोर असेल तेव्हाच बटण दाबायचं.

अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती मोटरला सेन्सरसारखी वेगळी सुरक्षा सक्तीची झाली. तिथे लहान मुलं दाराखाली सापडून दगावली होती, म्हणून. त्या पद्धतीच्या मोटरी आपल्याकडे येतात तेव्हा सेन्सरची जोडी खोक्यातच असते. बाकीच्यांत ती वेगळी मागावी लागते. खरेदी करताना स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

२. सेन्सर नेमकं काय बघतो

एका डब्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड किरण निघतो, तो ट्रान्समीटर. समोरचा रिसीव्हर तो पकडतो. दार खाली येत असताना मध्ये काही आलं, किरण तुटला, की मोटर थांबते आणि दार उलटं वर जातं. एवढंच.

इथेच पहिली मोठी गल्लत होते. लोकांना वाटतं, सेन्सर अख्ख्या दाराकडे लक्ष ठेवतो. तो फक्त एक रेष बघतो, सुतळीएवढी. पॅनेलच्या दाराला ही रेष जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या आत ठेवतात, कारण रांगणारं किंवा खाली पडलेलं मूल त्यात यायला हवं. पण तुमची गाडी दाराखाली अर्धी आत, अर्धी बाहेर उभी असेल आणि रेष पुढच्या-मागच्या चाकांच्या मधून जात असेल, तर सेन्सरच्या हिशेबी तिथे गाडीच नाही. दार थेट टपावर येणार. गेटवरचे फोटोसेल बहुधा गुडघ्याच्या आसपास असतात, त्यामुळे खालून जाणारं मांजर किंवा बसलेला कुत्रा त्यांना दिसत नाही.

म्हणून सेन्सरखेरीज आणखी एक संरक्षण असतं. दार कशावर टेकलं की मोटरला जोर लागतो, तो ओळखून ती उलटी फिरते. शटर आणि गेटला कधी कधी कडेला रबरी पट्टी असते, ती दाबली गेली की थांबतं. ही दोन संरक्षणं वेगवेगळी तपासायची असतात. आमच्या केळ्यांच्या बाबतीत पहिलं नव्हतंच, दुसरं होतं, पण केळं मऊ. जोर जाणवेपर्यंत फण्या गेल्या.

३. हाताशी काय ठेवायचं

वस्तू:
- चष्मा पुसायचा मऊ कपडा आणि वाटीभर साधं पाणी
- पुठ्ठ्याचा रिकामा खोका, निदान १५ सेंटिमीटर उंच
- सुमारे ४ सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी, हातभर लांब (सुताराकडे तुकडा फुकट मिळतो)
- सुतळी आणि चिकटपट्टी
- स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, मोबाइल
- मल्टीमीटर असला तर उत्तम, नसला तरी चालतं

कागद:
- मोटरचं माहितीपुस्तक. हरवलं असेल तर मोटरवरच्या लेबलचा फोटो काढा आणि मॉडेल नंबरवरून नेटवर शोधा
- वॉरंटी कार्ड आणि बिल
- वार्षिक देखभालीचा करार केला असेल तर तो. त्यात सेन्सर "समाविष्ट" आहे की फक्त मोटर, ते वाचा. आमच्या करारात फक्त मोटर होती, हे आम्हाला नंतर कळलं
- कंट्रोल बोर्डाचा, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटचा, उघड्या अवस्थेतला फोटो, सगळं नीट चालू असतानाचा. याचा उपयोग पुढे सांगते

४. दिव्यांची भाषा

दोन्ही डब्यांवर बारीक दिवा असतो. दार स्थिर असताना, दिवसाउजेडी नको, जरा अंधारात पाहा.

पुष्कळ अमेरिकी पद्धतीच्या जोड्यांमध्ये पाठवणाऱ्यावर पिवळट आणि घेणाऱ्यावर हिरवा दिवा असतो. दोन्ही स्थिर पेटलेले म्हणजे रेष जुळलेली आहे. हिरवा विझलेला किंवा लुकलुकणारा म्हणजे किरण पोचत नाही. दोन्ही विझलेले म्हणजे वीजच पोचत नाही, वायर बघा. गेटच्या फोटोसेलमध्ये मात्र एकमत नाही. कुणाचा दिवा रेष तुटल्यावर पेटतो, कुणाचा तुटल्यावर विझतो. म्हणून रंग पाठ करू नका. मध्ये हात घाला आणि घेणाऱ्याचा दिवा बदलतो का, एवढंच बघा. बदलला तर तो डबा जिवंत आहे.

पाठवणारा खरंच किरण सोडतो का, हे मोबाइलवर दिसतं. सेल्फीचा कॅमेरा चालू करून डब्यासमोर धरा, जांभळट पांढरा ठिपका दिसेल. तुमचा कॅमेरा हा किरण दाखवतो का, ते आधी टीव्हीच्या रिमोटवर पाहून घ्या, काही कॅमेरे तो गाळून टाकतात.

आणखी एक ओळख. दार उघडतं पण बंद होत नाही, थोडं खाली येऊन परत वर जातं, आणि मोटरचा दिवा लुकलुकतो (काही मोटरी १० वेळा लुकलुकून सांगतात), तर दोष बहुधा सेन्सरचा. भिंतीवरचं बटण दाबून धरलं तरच बंद होतं, तरीही सेन्सरचाच. पण दार उघडतच नसेल तर सेन्सरच्या मागे लागू नका. रिमोटचा सेल, एमसीबी, मोटर तिकडे बघा.

आणि ते दाबून धरायचं बटण ही सवय होऊ देऊ नका. अनेक मोटरींमध्ये बटण दाबून धरलं की सेन्सरचं ऐकलंच जात नाही. ती सोय अडचणीच्या वेळेसाठी आहे. आमच्या ओळखीत एका घरी वर्षभर असंच चालू होतं, "असंच बंद करायचं असतं" म्हणून पाहुण्यांनाही शिकवायचे.

५. खरी चाचणी: खोका आणि फळी

घरातली मुलं आणि मांजरं बाजूला करा. दार पूर्ण उघडा.

पहिली चाचणी खोक्याची. खोका दाराच्या रेषेत मधोमध ठेवा आणि बंद करायचं बटण एकदाच दाबा. दार हलताच कामा नये, किंवा हललं तरी लगेच वर जायला हवं. मग तोच खोका डाव्या चौकटीपासून हातभर अंतरावर, नंतर उजव्या. तिन्ही ठिकाणी तोच निकाल आला पाहिजे.

आता दार खाली येत असताना, बाहेर उभं राहून, लांब काठीने रेष तोडा. दार थांबून वर जायला हवं. काठी जाड घ्या. मी पहिल्यांदा हिराचा खराटा आडवा धरला होता आणि दार मजेत खाली आलं. सेन्सर बिघडला म्हणून घाबरले. मग लक्षात आलं, हिरांच्या फटींतून किरण आरपार जात होता. दार चालू असताना हात किंवा पाय घालून कधीही तपासू नका, तपासायचं आहे ते चालत नसेल या शक्यतेपोटीच तर आपण हे करतो.

दुसरी चाचणी फळीची, आणि ही फक्त पॅनेलच्या दारासाठी. फळी जमिनीवर आडवी ठेवा. तिची जाडी रेषेच्या खाली राहते, त्यामुळे सेन्सरला ती दिसत नाही. दार बंद करा. फळीवर टेकल्यापासून २ सेकंदांच्या आत ते परत वर गेलं पाहिजे. नुसतं थांबलं तर नापास. फळी दाबून बसलं तरी नापास. मग मोटरचा जोर आणि खालची मर्यादा जुळवून घ्यायला माणूस बोलवा. ते स्क्रू स्वतः फिरवायचा मोह होतो. जोर वाढवला की दार "नीट" बंद होतं खरं, पण तो वाढवलेला जोर उद्या कशावर तरी पडतो.

फळीऐवजी नारळ ठेवला तर चालेल का, असं शेजारच्या काकांनी विचारलं होतं. नारळ घरंगळतो. शिवाय सोललेला असला तर फुटतो आणि दाराची पट्टी वाकते.

गुंडाळणाऱ्या शटरखाली फळी ठेवू नका. जोर ओळखायची सोय नसेल तर पट्ट्या दुमडतात आणि खर्च वाढतो. खाली रबरी पट्टी असेल तर रिकामा खोका ठेवून, थांबायच्या बटणावर बोट ठेवून पाहा. खोका चुरगळला आणि शटर थांबलं नाही, तर उत्तर मिळालं.

६. पुसणं

दहातले सात बिघाड इथेच संपतात, असा माझा अनुभव आहे. डबे जमिनीपासून वीतभरही उंच नसतात. आपली तांबडी माती, वरून पावसाळ्यात जवळपास ३,००० मिलिमीटर पाऊस. थेंब आपटतो, मातीचा शिंतोडा उडतो, काचेवर बसतो, वाळतो. दिसायला पातळ तांबूस पडदा, पण किरणाला तेवढा पुरतो.

ओला कपडा पिळून काचेवर फिरवा, मग कोरड्याने पुसा. थिनर, रॉकेल, गंजावर मारायचे स्प्रे काचेला लावू नका. ती काच नसते, प्लॅस्टिक असतं. एकदा धुरकट झालं की डबाच बदलावा लागतो.

डब्याभोवतीही बघा. कोळिष्टकं हमखास असतात. कुंभारीण माशी आपलं मातीचं घरटं अगदी काचेच्या खाचेत बांधते, सावलीची आणि कोरडी जागा तिला बरोबर सापडते. कंट्रोल बोर्डाच्या पेटीत मुंग्या, हुमले आणि पालीही शिरतात, आणि पाल दोन टोकांवर एकाच वेळी बसली की बोर्ड गेला. पेटीची वायर जाते ते भोक सिलिकॉनने बुजवा. खालचं, पाणी निथळायचं भोक मात्र बुजवू नका.

दार हलवायच्या बिजागऱ्यांना आणि चाकांना सिलिकॉनचा स्प्रे चालतो. रुळाला ग्रीस थापू नका. धूळ चिकटून त्याची लापशी होते, दार धक्के खात चालतं आणि त्या धक्क्यांनी सेन्सर हलतो.

७. रेष जुळवणं

पुसूनही घेणाऱ्याचा दिवा स्थिर होत नसेल तर डबा वाकडा झालेला असतो. स्कूटर लागली, मुलांचा चेंडू लागला, झाडू मारताना धक्का बसला. मिलिमीटरभर कोन बदलला तरी अडीच मीटर लांब गेल्यावर तो बराच होतो.

एका डब्याच्या काचेसमोर सुतळीचं टोक चिकटपट्टीने लावा आणि दुसऱ्या डब्यापर्यंत ताणून धरा. सुतळी दोन्ही काचांच्या मधोमध आली पाहिजे. जमिनीपासून दोन्हीकडची उंची मोजा, पण फरशीला उतार असेल तर नुसत्या मापावर विसंबू नका. मग पाठवणारा डबा पक्का करा आणि त्याला हात लावू नका. घेणाऱ्याचा स्क्रू थोडा सैल करून, दिवा स्थिर पेटेपर्यंत अगदी हळू फिरवा. पेटला की एका हाताने धरून दुसऱ्याने आवळा. आवळताना परत सरकतो, हे दोन-तीनदा होणारच. शेवटी ब्रॅकेटवर बोटाने टिचकी मारा. दिवा लुकलुकला तर अजून सैल आहे.

ब्रॅकेट रुळाला लावलेलं असेल तर दार चालताना ते थरथरतं. शक्य असेल तर भिंतीला लावून घ्या. चिऱ्याच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा गट्टू फार दिवस धरत नाही, भोक झिजतं. लांब गट्टू वापरा, किंवा आधी सिमेंट भरून मग भोक पाडा.

८. ऊन

दार रोज संध्याकाळी पाच-साडेपाचला अडतं, सकाळी नाही, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही. असं होत असेल तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी छत्री घ्या. घेणाऱ्या डब्यावर सावली धरा आणि दार बंद करून पाहा. झालं तर सूर्य दोषी. तिरपं ऊन थेट काचेत शिरलं की रिसीव्हर दिपतो आणि समोरचा किरण त्याला सापडत नाही.

उपाय दोन. पीव्हीसी पाइपचा बोटभर लांब तुकडा टोपीसारखा काचेभोवती लावा. तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही डब्यांची अदलाबदल करून घ्या, म्हणजे घेणाऱ्याची पाठ उन्हाकडे येईल.

९. वायर

इथे वीज बंद करूनच काम करायचं. सेन्सरच्या वायरींत कमी व्होल्टची वीज असते, पण त्याच पेटीत २३० व्होल्टही येतात. एमसीबी पाडा. गेटच्या मोटरला बॅटरी असेल तर तीही सोडवा, नाहीतर वीज गेली म्हणून तुम्ही निर्धास्त आणि गेट सुरू.

समुद्र जवळ असेल तर खाऱ्या वाऱ्याने तांब्याची टोकं हिरवी-काळी पडतात. आम्ही फोंड्यात, समुद्र लांब, तरी दमटपणाने तेच होतं. काळं पडलेलं टोक कापून नवीन सोला, घट्ट बसवा, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवा. अंगणाखालून पाइपातून गेलेल्या वायरीला मध्ये जोड असेल तर तो जोड पहिल्याच पावसात पाण्यात बुडतो. अशी वायर अखंड बदलून घेतलेलीच बरी, टेप मारून फक्त पुढच्या जूनपर्यंतची सोय होते. उंदरांनी कुरतडलेली वायर बहुतेक वेळा पाइपाच्या तोंडाशीच सापडते.

याहून पुढे, बोर्डात हात घालणं, हे ज्याला जमतं त्याने करावं. दाराच्या वरच्या स्प्रिंगला, तिच्या तारेला आणि ड्रमला तर कुणीच हात लावू नये. अख्ख्या दाराचं वजन त्या स्प्रिंगमध्ये पिळून ठेवलेलं असतं. ती सुटली तर हात मोडतो, कधी त्याहून वाईट.

लाल दोरीबद्दलही इथेच सांगते. वीज गेली की ती ओढून दार हाताने चालवायचं असतं. ती शक्यतो दार बंद असताना ओढा. दार वर असताना ओढली आणि स्प्रिंग तुटलेली असली, तर दार धाडकन खाली येतं. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा, उजेडात, हे करून बघावं. आमच्या सासूबाईंनीही केलं. त्या म्हणाल्या, रहाट ओढण्यापेक्षा सोपं आहे.

१०. मेकॅनिक आला की

सेन्सर त्रास देतो तेव्हा तो दुरुस्त करायला तासभर लागतो आणि त्याचा काटा काढायला दोन मिनिटं. पैसे सारखेच मिळतात. शिवाय गिऱ्हाइकाची तक्रार एकच असते, "दार बंद होत नाही". ते बंद झालं की गिऱ्हाईक खूश. म्हणून ही पळवाट इतकी सर्रास चालते, आणि मला त्यात नुसत्या मेकॅनिकला दोष द्यावासा वाटत नाही. मीही "काहीही करा, पण आज बंद व्हायला हवं" असंच म्हटलं होतं.

पळवाटा दोन प्रकारच्या. एक, आमच्याकडे झाली ती, दोन्ही डोळे समोरासमोर बांधून टाकायचे. दुसरी गेटमध्ये आणि शटरमध्ये: बोर्डावर फोटोसेलच्या दोन टोकांमध्ये बोटाच्या पेराएवढा वायरचा तुकडा अडकवायचा. याला जंपर मारणं म्हणतात. डबे जागेवर असतात, कदाचित दिवेही पेटतात, पण बोर्डाला वाटतं रेष कधी तुटतच नाही. नवीन बोर्डात सेन्सर जोडलेला नसेल तर बऱ्याचदा कारखान्यातूनच तो जंपर असतो, आणि नंतर फोटोसेल बसवताना काढायचा राहून जातो. म्हणजे पैसे मोजून बसवलेला सेन्सर पहिल्या दिवसापासून शोभेचा.

म्हणून तीन गोष्टी करा. काम सुरू व्हायच्या आधी बोर्डाचा फोटो, संपल्यावर परत फोटो. नवीन तुकडा दिसला तर विचारा, हा कशासाठी? फोटोसेलची जोडणी एनसीवर (नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे सगळं ठीक असताना सर्किट जोडलेलं) आहे ना, तेही विचारा. तशी असली की वायर तुटल्यावर दार बंद व्हायचं थांबतं, नसली तर वायर तुटल्याचं कुणाला कळतही नाही. आणि पैसे देण्याआधी, त्याच्या समोर, खोक्याची चाचणी. खोका मी गॅरेजमध्येच ठेवलेला असतो. चांगला कारागीर याला रागावत नाही, उलट आपणहून करून दाखवतो.

पावसात सेन्सर खरोखरच बंद पडला आणि माणूस दोन दिवसांनी येणार असेल, तर दार हाताने चालवा किंवा समोर उभं राहून बटण दाबून धरून बंद करा. ऑटो क्लोज बंद, आणि रिमोट खुंटीवर. भिंतीवरचं बटण निदान दीड मीटर उंच असावं, मुलांचा हात पोचणार नाही असं.

११. केव्हा केव्हा करायचं

मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, सगळं एकदा नीट: पुसणं, वायरींची टोकं, पेटीची भोकं, फळीची चाचणी. गडगडाट सुरू झाला की मोटरचा एमसीबी पाडून ठेवा. मे आणि ऑक्टोबरच्या विजांनी आमच्या वाड्यावर दोन बोर्ड जाळले आहेत. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण अर्थिंग धड नसेल तर त्याचा उपयोग होत नाही, ते आधी तपासून घ्या. पाऊस चालू असताना दर आठवड्याला काच पुसायची, एवढंच.

बाकी वर्षभर महिन्यातून एकदा खोक्याची चाचणी. तारीख लक्षात राहत नव्हती म्हणून मी ती संकष्टीला बांधून टाकली. चंद्रोदयाला वेळ असतो, पोटात भूक असते आणि हाताला काम नसतं. बाहेर अंधार पडलेला, डब्यांवरचे दिवेही स्वच्छ दिसतात. गेल्या संकष्टीला मी विसरले होते. सासूबाईच आतून ओरडल्या, "अगो, चंद्र येईल आता, खोका ठेवलास का?"